वेबिल

माझे पती एस.टी.त कंडक्टर होते. वीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी सोलापूर–पुणे या एकाच मार्गावर. लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी कुजबूज झाली होती. मुलगी डी.एड. झालेली, पुढे बी.एड. करणार, आणि जावई तिकिटं फाडणारा. पण ते मराठी माध्यमात शिकलेले आणि वाचनाचं वेड असलेले. मी पहिलीपासून उर्दूत शिकलेली. घरात आम्ही बोलायचो दखनी. उर्दू शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझे ‘ळ’ आणि ‘ण’ त्यांनीच सुधारले. पोरांच्या वह्या मी तपासायचे आणि माझं फळ्यावरचं मराठी ते तपासायचे. मला ते ‘टीचर’ म्हणायचे. आधी थट्टेनं, मग तेच नाव पडलं.

हिशेबाला ते फार पक्के. ड्युटी संपली की वेबिल पूर्ण करून, आगारात कॅश भरूनच घरी यायचे. कितीही उशीर होवो, रक्कम जुळल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. लोकांचा पैसा अंगावर ठेवून झोपू नये, असं म्हणायचे.

जानेवारी २०२३ मध्ये एका संध्याकाळी चहा पिताना हसत म्हणाले, “आज मैं इंदापूर भूल गया.” मला गंमत वाटली. त्यांनी सांगितलं, प्रवासी समोर उभा, गाव डोळ्यांपुढे दिसतंय, स्टँड दिसतंय, पण नाव काही येईना. “टेंभुर्णी के बाद का,” एवढंच म्हणता आलं. मशीनवर नाव दिसलं तेव्हा कुठे तिकीट निघालं. पुढच्या पंधरवड्यात दोनदा कॅश कमी भरली. दोन्ही वेळा त्यांनी खिशातून पैसे घातले आणि घरी सांगितलं नाही. मला ते नंतर कळलं.

एका दवाखान्यात दाखवलं. टेन्शन आहे, झोप कमी आहे, असं निदान झालं आणि गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांत आमचा जवळजवळ महिना गेला. मग एका पहाटे फज्रच्या नमाजला उठलेले असताना त्यांचा उजवा हात आपोआप हलायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते वजूच्या पाण्यातच पडले. त्या दिवशी स्कॅन झालं, दुसऱ्या दिवशी एम.आर.आय. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, गाठ. डॉक्टरांनी कागदावर डोकं काढून दाखवलं. उजव्या हातानं काम करणाऱ्या बहुतेकांची भाषा याच बाजूला असते, म्हणाले. इंदापूर कुठे हरवलं होतं ते मला त्या कागदावर दिसलं.

मुंबईला फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिराला वेगळ्या खोलीत बसवलं. गाठ जेवढी दिसली तेवढी काढली, पण तिची मुळं आजूबाजूला पसरलेली असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ती परत येते, असं त्यांनी समजावलं. नुसत्या रेडिएशनवर असलेले निम्मे रुग्ण पूर्वी बारा महिन्यांच्या आसपास जगायचे. २००५ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल द्यायला सुरुवात झाली, तेव्हा हा आकडा साडेचौदा महिन्यांवर गेला. अडीच महिने वाढले. मी गणित शिकवलेलं आहे. मनातल्या मनात तारीख काढली आणि लगेच अस्तगफिरुल्लाह म्हटलं.

त्याच संध्याकाळी घरून फोन. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, रडत म्हणाल्या, “उसकू नक्को बोल, बेटी. दिल तोड लेंगा.” दीरही तेच म्हणाला. मी होकार दिला. त्या वेळी तो मला दिलासाच वाटला, हे लपवून उपयोग नाही. सांगायचं काम माझ्या डोक्यावरून उतरलं. त्यांना सांगितलं, गाठ निघाली, आता नुसता शेक द्यायचा, मग ड्युटीवर जायचं.

परळला टाटाच्या दारात सहा आठवडे बसणाऱ्या माणसाला आजाराचं नाव सांगावं लागतं का? समोरच्या फुटपाथवर बिहार-बंगालची माणसं चटया टाकून झोपलेली, हातात त्याच रंगाच्या फायली. कॅन्सर आहे हे त्यांना माहीत होतंच. आम्ही लपवली ती पुढची गोष्ट, की हा बरा होण्यातला नाही.

आमची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली होती. रेडिएशनच्या तीस सीटिंग होत्या, आठवड्यातून पाच दिवस. त्या वर्षी रमजान मार्चच्या शेवटी सुरू झाला, म्हणजे बरेचसे शेक रोज्यांत आले. मी केळं आणि बिस्किटं खाऊन सहेरी करायचे. त्यांनाही रोजे ठेवायचे होते, डॉक्टरांनी साफ मनाई केली. कॅप्सूल मात्र उपाशीपोटी घ्यायची असे, मळमळीची गोळी आधी आणि कॅप्सूल शेकाच्या तासभर अगोदर. “ले, मेरा भी आधा रोजा,” म्हणायचे. चेहऱ्याचा जाळीदार साचा करून डोकं टेबलाला जखडून ठेवत. बाहेर आले की गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. २२ एप्रिलला ईद होती, शनिवार, शेकाला सुट्टी. शेजारच्या खोलीतल्या कोकणातल्या एका बाईंनी कुठून तरी दूध आणून शेवया केल्या आणि आमच्याकडे वाटीभर पाठवल्या. त्यांच्या मुलाला हाडाचा कॅन्सर होता. त्या हिंदू होत्या, त्यांनी दुकानदाराला विचारून शीरखुर्मा कसा करतात ते समजून घेतलं होतं. खजूर घालायची राहिली होती. यांनी वाटी चाटून संपवली.

जूनपासून घरी. महिन्यातून पाच दिवस कॅप्सूल, बाकी दिवस त्यांच्या परिणामांशी झुंज. स्टेरॉइडमुळे भूक इतकी वाढली की रात्री दोनला उठून भाकरी मागायचे. चेहरा गोल झाला, ओळखीचे लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणून जायचे. आणि राग. ज्या माणसानं वीस वर्षांत प्रवाशाशी आवाज चढवला नाही त्यानं मुलाच्या अंगावर ताट फेकलं. मुलगा आठ वर्षांचा. त्या रात्री मी न्हाणीघरात दार लावून बसले आणि मनात म्हणाले, एकदाचं संपू दे. हे इथे लिहू की नको, असा बराच विचार केला. पण आजाऱ्याची सेवा केलेल्या बायांपैकी कितीजणींनी हे मनात म्हटलं असेल आणि मग आयुष्यभर तौबा केली असेल, म्हणून लिहिते. फिट येऊ नये म्हणून जी गोळी चालू होती तिच्यामुळेही काहीजणांना असा राग येतो, हे पुढच्या भेटीत कळलं. गोळी बदलली, राग निम्म्यावर आला.

शब्द मात्र एकेक करून चालले होते. आधी माणसांची आणि गावांची नावं गेली, मग रोजच्या वस्तूंची. पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “तिकीट दे.” चादर म्हणजे तिकीट, औषध म्हणजे तिकीट. आपण चुकलो हे त्यांना कळायचं, डोळ्यांतून दिसायचं. मी शाळेतून चित्रांची कार्डं आणली. अननस, आई, इमारत. त्यांना मराठीच्या बाराखडीनं शिकवलेलं, म्हणून उर्दूचा कायदा आणला नाही. संध्याकाळी वर्ग भरायचा. मुलगी बारा वर्षांची, ती हजेरी घ्यायची. अब्बांनी अननसाला तिकीट म्हटलं की दोन्ही पोरं हसायची आणि तेही हसायचे. पहिलीच्या पोराला चुकला म्हणून मी कधी छडी मारली नाही, पण एकदा त्यांच्यावर ओरडले. ‘टीचर’ हा शब्द त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त दिवस टिकला.

ऑगस्टमधली गोष्ट. मुलं झोपली होती. मी औषधाची वही लिहीत होते, रोज लिहायचे, कुठली गोळी किती वाजता आणि खर्च किती. ते उठून आले, पायजम्याच्या खिशातून नोटा काढल्या. कंडक्टर धरतात तशा, लांबीत दुमडून बोटांच्या बेचक्यात अडकवलेल्या. समोर बसून मोजल्या. तोंडानं आकडे येत नव्हते, बोटं बरोबर मोजत होती. मग सगळ्या माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाले, “वेबिल.”

मी म्हटलं, “वीजबिल?”

त्यांनी मान हलवली. “वेबिल. भर. टीचर, भर.”

“हौ, वीजबिल मैं भरतूं,” मी म्हणाले. उशीर झाला होता. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, पुन्हा बोट नोटांकडे, मग स्वतःकडे, मग माझ्याकडे केलं. मी “हौ हौ” म्हणत त्यांना निजवलं. वहीत लिहिलं : ‘१२ ऑगस्ट. यांनी दिले ११,१२५.’ दुसऱ्या दिवशी वीजबिल भरलं, उरलेले कॅप्सूलला गेले. हे पैसे आले कुठून, असं मनात आलं होतं. नोकरीतल्या मित्रांनी कुणी दिले असतील म्हणून सोडून दिलं. मित्र तसे होतेच, आगारातल्या लोकांनी ऑपरेशनच्या वेळी वर्गणी काढली होती.

जानेवारी २०२४ च्या एम.आर.आय.मध्ये गाठ परतली. दुसरं ऑपरेशन करून हाती फारसं काही लागणार नाही आणि उरलीसुरली वाचाही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅप्सूल बंद. डोकेदुखीला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि घरीच ठेवा म्हणाले. घरात कुणी पाणी फुंकून आणलं, कुणी तावीज बांधला. मी आडवी आले नाही. ज्यांना काहीच करता येत नव्हतं त्यांना तेवढं करता येत होतं.

त्यानंतर मला राहवेना. फेब्रुवारीत एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी त्यांचा उजवा हात, जो आता हलत नव्हता, हातात घेऊन सगळं सांगितलं. ये अच्छा होनेवाला नई. पहिल्यापासून माहीत होतं. बच्चों की फिकर नक्को करो. बरंच काही सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बोलायला लागले. “मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, चौफुला, यवत, लोणी, हडपसर, स्वारगेट.” एका दमात, गाडीत म्हणत असत त्याच सुरात. इंदापूरसुद्धा आलं. पण हे उत्तर होतं का नव्हतं, ते मला कळलं नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा मोहोळपासून स्वारगेट.

वाचा शिकवणाऱ्या एका बाईंना मी फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. नवीन वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं ओळीनं म्हटलेलं, आकडे, वार, प्रार्थना, हे मेंदूतल्या वेगळ्या वाटेनं येतं. मला लगेच पटलं. वर्गात हेच तर बघते. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मध्येच ‘सात सक किती’ विचारलं की तो मनात पहिल्यापासून सुरू करतो.

रमजान आला. सासरे त्यांना उशाला टेकवून शेजारी बसवून नमाज पढायचे. एका संध्याकाळी यांनी अल-फातिहा पूर्ण म्हटली, एकही चूक नाही. अब्बाजी ओक्साबोक्शी रडले. अम्मांनी मोहल्ल्यात खजूर वाटली, “जबान खुल गई.” मला कारण माहीत होतं. मी गप्प राहिले, हे बरं केलं. नंतर मात्र माझ्याच मनात आलं, की मी लहानपणापासून जे अरबी पढत आले त्यातलं समजून किती पढले? आमच्या कितीतरी घरांत हेच आहे. मग त्यांच्या पढण्याला नुसता रट्टा म्हणणारी मी कोण? हा प्रश्न मी एका मौलानांना विचारणार होते, विचारला नाही.

२७ एप्रिल २०२४ ला, असरच्या सुमारास, ते गेले. शेवटचे दोन दिवस झोपेतच होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी जवळ होते.

गुसल झाला, कफन झालं. चेहरा बघायला आम्हा बायकांना बोलावलं. मोहल्ल्यातल्या एक वयस्कर खाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मेहर माफ कर दे बेटी. मय्यत का बोझ हलका होताय.” हे आमच्याकडे कायम घडतं. निकाहात कबूल केलेला मेहर जन्मभर कुणी देत नाही, बाई मागत नाही, आणि मग जनाजा उठायच्या वेळी, जेव्हा तिला स्वतःचं नाव आठवत नसतं, चारचौघींसमोर तिच्याकडून माफ करून घेतात. ती नाही म्हणेल कशी? मी यावर शाळेतल्या बायांशी कितीदा वाद घातला होता. आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचा मेहर किती होता ते मला त्या घडीला आठवत नव्हतं. मी नुसती बघत राहिले. कुणीतरी अम्मांना विचारलं, “कित्ता बंध्या था?” अम्मा म्हणाल्या, “ग्यारा हजार एक सौ पच्चीस.”

मी म्हटलं, “दिये उनो.”

“कब?”

“ऑगस्ट में.”

कुणाचा विश्वास बसला नाही. दुःखानं बडबडतेय, असं समजून त्यांनी मला बाजूला घेतलं. जनाजा गेला. मी वही शोधून काढली.

इद्दतचे चार महिने दहा दिवस. ७ मे २०२४ ला सोलापुरात लोकसभेचं मतदान होतं आणि माझ्या नावानं निवडणूक ड्युटीचा हुकूम आलेला होता, दीर मृत्यूचा दाखला जोडून अर्ज देऊन आला. १५ जूनला शाळा उघडली. महिनाभर अर्धपगारी रजा काढली, पुढे घर चालायचं कसं? विधवेला कमाईसाठी दिवसा बाहेर पडायची आणि रात्री घरी असण्याची मुभा हनफी मसल्यात आहे, असं मशिदीच्या मौलानांनी अब्बाजींना सांगितलं. जुलैपासून मी शाळेत गेले, मगरिबच्या आत घरी. गल्लीत बोलणी झाली. बोलणाऱ्या बायांपैकी दोघींची पोरं माझ्या वर्गात होती.

त्या दिवसांत त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर येऊन गेले. अब्बाजींशी बाहेर बोलत होते, मी पडद्याआडून ऐकत होते. वर्षापूर्वी आगारातल्या भिशीचा नंबर यांच्या नावे लागला होता. ड्रायव्हर पैसे घेऊन आले तेव्हा यांनी त्यातले थोडे बाजूला काढायला लावले. शब्द येत नव्हते म्हणून कागदावर आकडा लिहून दाखवला. वरचे सव्वाशे सुटेच पाहिजेत म्हणून हट्ट धरला. ड्रायव्हर म्हणाले, “मी चौकातल्या पानवाल्याकडून सुटे करून आणले. त्यांनी दोनदा मोजून घेतले, आणि मग हातानं डबल बेल दिली.”

म्हणजे ऑगस्टमध्ये त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांच्याजवळ थोडे शब्द होते, ‘टीचर’ होता, हो आणि नाही होतं. मी फेब्रुवारीत सांगितलं. मधले सहा महिने त्यांचा जीव राखायला मी गप्प, आणि बहुधा माझा जीव राखायला ते. ज्या रात्री त्यांनी तोंड उघडलं त्या रात्री मी त्यांना वीजबिल ऐकवलं.

अम्मांना सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांना अक्षरओळख नाही, पण आकडा त्यांनी बोटानं चाचपून पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की मेहरचे पैसे त्याच्याच दवाईत गेले, तर मग मिळाले कुठे? मौलाना म्हणाले, एकदा तिच्या हातात पडले की ते तिचे, तिनं कुठेही खर्चावे. अम्मांचं तरीही समाधान नाही. लेकाच्या मानेवर काही राहायला नको, एवढंच त्या माउलीचं. परवा बरसीच्या फातिहानंतर पुन्हा म्हणाल्या, “फिर भी एक बार माफ बोल दे. क्या जाताय?”

त्यांच्यासाठी म्हणून टाकावं, असं कधी कधी वाटतं. पण माफ म्हणायचं म्हणजे त्यांची कॅश कमी भरली असं म्हणायचं. मी अजून म्हटलेलं नाही.